जुनी फियाट घेताना: आधी पत्रा, मग कागद, इंजिन शेवटी

हॉस्टेलच्या कुठल्याही मजल्यावर फिरा, चार खोल्यांमागे एका खोलीत भिंतीवर अमेरिकन 'मसल कार' चिकटवलेली दिसेलच. बहुतेक वेळा तो 'फास्ट अँड फ्युरियस'मधला काळा डॉज चार्जर असतो, १९७० चं मॉडेल. मेसमधून आल्यावर त्या पोस्टरखाली बसून "नोकरी लागली की एक जुनी गाडी घ्यायची आणि नव्यासारखी करायची" अशा गप्पा आपण सगळेच मारतो. गप्पांना पैसे पडत नाहीत. पण गेल्या वर्षी आमच्या घरात, करकंबला, एका माणसाने हे खरंच करायचं ठरवलं आणि त्या व्यवहारात हेल्पर म्हणून हिंडायला मला मिळालं. जे पाहिलं, मोजलं आणि एसओएमच्या वहीशी ताडून बघितलं ते इथे लिहितोय. मेकॅनिकलवाल्यांना उपयोग होईलच. बाकीच्यांनी कागदपत्रांचा भाग तरी वाचावा, जुनी मोटरसायकल घेतानाही त्यातलं बरंचसं लागतं.

आधी थोडं मसल कारबद्दल. साधारणपणे १९६४ च्या पाँटिअॅक जीटीओपासून हा प्रकार सुरू झाला असं मानतात. कंपनीने केलं काय, तर मध्यम आकाराची साधी घरगुती गाडी घेतली आणि तिच्यात मोठ्या गाडीचं ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन बसवलं. ताकद ३२५ अश्वशक्ती! (हा आकडा त्या काळच्या 'ग्रॉस' पद्धतीचा, म्हणजे पंखा, सायलेन्सर वगैरे न जोडता इंजिन टेस्ट-बेडवर चालवून घेतलेला. त्यामुळे आजच्या गाड्यांच्या आकड्यांशी तो सरळ ताडून बघू नका.) १९७३ च्या तेलटंचाईनंतर ही जत्रा उठली.

आपल्याकडे तसली गाडी शोधत बसण्यात अर्थ नाही. पण डॉजचं आणि आपल्या सोलापूरचं एक नातं आहे ते फार जणांना माहीत नसतं. वालचंद हिराचंद हे सोलापूरचे, जन्म १८८२. विमानाचा कारखाना, जहाजबांधणी, वालचंदनगरची साखर असं काय काय उभं केलेल्या या माणसाने १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लायमाउथ आणि डिसोटो गाड्या जुळवायला सुरुवात झाली. म्हणजे भिंतीवरच्या त्या चार्जरची आजी कुर्ल्यात जन्मली म्हणायला हरकत नाही. पुढे कंपनीने इटलीच्या फियाटशी करार केला. १९५० च्या दशकातली गोलसर फियाट, जिला मुंबई-पुण्याकडे प्रेमाने 'डुक्कर फियाट' म्हणायचे, ती याच कारखान्यातली. १९६४ मध्ये '११०० डिलाइट' आली, तीच थोड्याफार फरकाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला 'प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' झाली. इंजिन १०८९ सीसी (बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी, गुणाकार करून बघा), ताकद चाळीसच्या आसपास. जीटीओच्या एक अष्टमांश! पण आपल्याकडच्या दोन पिढ्यांची स्वप्नातली गाडी हीच. बुकिंग करून वर्षानुवर्षं वाट बघायचे लोक. २००० च्या सुमारास उत्पादन बंद पडलं. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली आणि वीस वर्षांच्या नियमाप्रमाणे २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली.

आता तात्यांबद्दल. तात्या माझे चुलते. १९८४ ला करकंबहून मुंबईला गेले आणि २८ वर्षं काळी-पिवळी चालवली. गाडी दुसऱ्याची, परमिट दुसऱ्याचं, तात्या शिफ्टवर. मालकाच्या गाड्या वयोमर्यादेत भंगारात गेल्या तेव्हा गावाकडे आले, द्राक्षं लावली. इतकी वर्षं फियाटच्या स्टिअरिंगमागे काढली आणि स्वतःच्या नावावर एकही फियाट नाही, हे त्यांच्या मनात होतं. गेल्या वर्षी बेदाण्याला बरा भाव मिळाला. घरखर्च आणि औषधाची उधारी फिटून दीड लाख हातात राहिले. आजीचं म्हणणं, वरच्या रानात पाईपलाईन करा. तात्यांचं म्हणणं, फियाट. तीन आठवडे घरात दुसरा विषय नव्हता. शेवटी वडील म्हणाले, "घेऊ दे त्याला. पण दीड लाखाच्या वर एक रुपया घरातनं मिळायचा नाही." आणि माझ्याकडे बघून, "हे इंजिनिअर जाईल संगं."

तर अट पक्की होती: गाडीची किंमत, दुरुस्ती आणि कागद, सगळं दीड लाखात. ते चुकलं तर पाईपलाईनही गेली आणि गाडीही.

पहिली गाडी पुण्याला एका दलालाकडे बघितली. १९६८ ची डिलाइट, पांढरी-निळी, क्रोमचं बंपर चकाचक. मूळची कोकणातली. त्याने किल्ली फिरवली आणि एका सेल्फात इंजिन सुरू! आवाज शिलाई मशीनसारखा. तात्या बॉनेटवर हात ठेवून डोळे मिटून उभे राहिले. दलाल म्हणाला, "शेठ, इंजिन ऐका, इंजिन. बाकी काय बघायचंय?" सव्वा दोन लाख सांगून शेवटी एक वीसवर आला. तात्यांच्या खिशात इसाराचे दहा हजार होते आणि हात खिशाकडे निघाला होता.

जुनी गाडी विकणारा माणूस तुम्हाला सगळ्यात आधी इंजिन ऐकवतो, कारण तिथे त्याने पाच-दहा हजार घातलेले असतात. इंजिन हा सुटा होणारा भाग आहे. बोअर करा, क्रँक ग्राइंड करा, रिंगा टाका, अगदीच गेलं तर दुसरं बसवा. करकंबपासून टेंभुर्णीपर्यंत कुठलाही जुना मिस्त्री ते उघडून परत बंद करेल. बॉडीचं तसं नसतं.

का नसतं ते समजायला थोडी थिअरी लागेल. जीपला खाली स्वतंत्र शिडीसारखी चेसिस असते. वरची बॉडी कुजली तरी ती नुसती छत्री, खालचा सांगाडा भार घेतो. फियाट ११०० चं हे घराणं, जे १९५३ ला इटलीत सुरू झालं, ते मात्र मोनोकॉक आहे. म्हणजे वेगळी चेसिसच नाही. फरशी, छत, दाराखालचे उंबरे, इंजिनमागची भिंत हे सगळे पत्रे एकमेकांना स्पॉट-वेल्ड करून जी पेटी तयार होते तीच चेसिस. त्यातही दाराखालचा उंबरा, ज्याला पुस्तकात 'सिल' म्हणतात, हा सगळ्यात महत्त्वाचा. तो आतून पोकळ असतो, मिलिमीटरभर जाडीच्या पत्र्याची बंद नळी. गाडीचं एक चाक खड्ड्यात गेलं की सगळी बॉडी पिळली जाते, आणि तो पीळ झेलण्याचा मोठा वाटा या दोन नळ्यांचा.

आता एक प्रयोग करा, लगेच, खोलीतच. असाइनमेंटचा एक कागद गुंडाळून नळी करा आणि सांध्यावर पूर्ण लांबीची सेलोटेप मारा. दोन्ही टोकं धरून पिळा. चांगलीच कडक लागेल. आता ती टेप ब्लेडने उभी कापा आणि पुन्हा पिळा. काहीच जोर लागत नाही! कागद तोच, वजन तेच, फक्त बंद नळीची उघडी नळी झाली. एसओएममध्ये हेच गणित आहे. पातळ बंद नळीचा टॉर्शन स्थिरांक २πr³t, उघडीचा (२/३)πrt³. भागाकार केला की गुणोत्तर ३(r/t)² येतं. त्रिज्या ५० मिमी आणि पत्रा १ मिमी धरला तर ७५००! प्रत्यक्ष गाडीतला उंबरा एकटा नसतो, त्याला फरशी आणि खांब धरून असतात, म्हणून गाडीचा कडकपणा साडेसात हजार पट काही कमी होत नाही. पण गंजाने उंबऱ्याच्या खालच्या कडेला उभी चीर पडली म्हणजे नेमकं काय गेलं, हे त्या कागदावरून कळतं. दोन-तीनशे ग्रॅम पत्रा गंजला आणि गाडीचा कणा गेला. व्हायवाला हे विचारलं तर निदान माझी आठवण काढा.

गंज तिथेच का लागतो? पावसाचं पाणी दाराच्या काचेतून आत उतरतं, खाली भोकं असतात ती धुळीने बुजतात, पाणी साठतं, आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेरच्या रंगावर फोड दिसतो तेव्हा आतला पत्रा केव्हाच गेलेला असतो. समुद्राकाठी तर हवेतलं मीठ पत्र्यावर बसतं, ओल धरून ठेवतं आणि क्लोराइडमुळे गंजाचं काम वेगाने होतं. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, आपल्याकडे पाच-सहाशे. दुष्काळाने आपल्याला आणखी काय दिलं माहीत नाही, पण जुन्या गाड्या टिकवल्या. सोलापूरची गाडी दिसायला भिकार असते, उन्हाने रंग पांढरा पडलेला, डॅशबोर्ड तडकलेला, दाराची रबरं पापडासारखी. पण हाडं शाबूत असतात.

पुण्याच्या गाडीकडे परत. मी लॅबमधून आणलेलं नव्हे, घरच्या फ्रिजवरचं लोहचुंबक बरोबर नेलं होतं, विठोबाच्या मूर्तीचं. छतावर लावलं, घट्ट. बॉनेटवर घट्ट. डाव्या उंबऱ्यावर लावलं तर विठोबा खाली. चार बोटं पुढे लावलं, पुन्हा खाली. म्हणजे तिथे पत्रा नव्हे, पुट्टी. नंतर गाडीखाली सरपटत गेलो तर सगळीकडे ताजा काळाभोर अंडरकोट. पन्नास वर्षांच्या गाडीचं पोट कालच रंगवलेलं असेल तर समजावं, काहीतरी झाकलंय.

तात्यांना मी वर येऊन एवढंच म्हणालो, "तात्या, तुम्ही एकदा जॅक लावून बघा की." मोठ्या माणसाला दलालासमोर अजून काय सांगणार. तात्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग इसाराचा हात खिशातून बाहेर आला, डिकीतला जॅक काढला आणि त्यांनी तो मधल्या जॅक पॉइंटला लावला. ही त्यांची परीक्षा, कुठल्या पुस्तकात नाही. आधी चारही दारं उघडून-मिटून बघायची, फटी डोळ्यात साठवायच्या. मग एक बाजू उचलायची आणि परत दारं लावून बघायची. बॉडी धड असेल तर दार पहिल्यासारखंच लागतं. इथे चाक जमिनीवरून सुटायच्या आधीच कर्र आवाज आला आणि जॅक उंबऱ्यात दोन इंच घुसला. मागचं दार मध्येच अडकलं. तात्या उठले, हात पुसले. "आरं, इंजिन काय, ते गाणं म्हणतंय. पर घर पडलंय की." दलालाला नमस्कार केला आणि आम्ही स्वारगेटला आलो. बसमध्ये इंदापूर येईपर्यंत ते बोलले नाहीत.

हे दुरुस्त होत नाही असं नाही. दाराच्या चौकटीत आधी आडवे पाईप टाकून बॉडीचं माप धरायचं, कुजलेला उंबरा पूर्ण कापायचा, नवा पत्रा वाकवून सीओटू वेल्डिंगने बसवायचा. पण हे करणारे कारागीर थोडे आणि मजुरी इंजिनच्या तिप्पट-चौपट. गल्लीत गॅस वेल्डिंगने ठिगळं मारून देतात, त्याच्या उष्णतेने पातळ पत्रा वाकतो आणि शेजारचा चांगला भागही उघडा पडून गंजायला मोकळा होतो. त्या डिलाइटला एवढं सगळं केलं असतं तर दीड लाख उंबऱ्यातच मुरले असते.

त्या गाडीचा दुसरा घोटाळा कागदांचा होता, आणि पत्रा चांगला असता तरी त्यापायी ती सोडावीच लागली असती. आरसी बुक नव्हतं. दलालाचं म्हणणं, "आता व्हिंटेजचा नवा कायदा आलाय, त्यात नंबर मिळतो." कायदा आलाय हे खरं. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरच्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींना 'व्हीए' अक्षरांचा खास नंबर घेता येतो, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण दलाल दोन गोष्टी गिळून टाकत होता. भारतात आधी नोंदलेल्या गाडीला त्या अर्जासोबत जुनं आरसी लागतंच. आणि असा नंबर घेतलेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच रस्त्यावर. तात्यांना तर आजीला बसवून एकादशीला पंढरपूरला जायचं होतं. ते काही टेक्निकल रिसर्चमध्ये बसत नाही!

दुसरी गाडी तीन महिन्यांनी सापडली, बार्शीकडच्या एका गावात. १९८६ ची पद्मिनी, एका कुटुंबाचीच, २०१४ पासून गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी. रंग उडालेला, चारही टायर बसलेले, मागच्या सीटवर कोंबडीने अंडी घातलेली. बघितल्याबरोबर मला वाटलं ही भंगार. विठोबा मात्र सगळीकडे चिकटला! उंबरे, फरशी, चाकांवरच्या कमानी, सगळीकडे. फक्त डिकीच्या तळाला, स्टेपनीच्या खड्ड्यात, तळहाताएवढं भोक. तात्यांनी जॅक लावला, दारं चारदा लावून बघितली आणि मान हलवली. सत्तर हजार म्हणत होते, पंचावन्नला ठरली. पण पैसे लगेच दिले नाहीत, कागद झाल्यावर.

कागदांचं इथे असं होतं. आरसी होतं, पण ज्यांच्या नावावर ते वारलेले. अशा वेळी "आम्ही सह्या करून देतो, तुम्ही गाडी न्या" असं लोक सरळ मनाने म्हणतात, आणि तिथेच पुढची दहा वर्षं अडकतात. मृत माणसाच्या वतीने विक्री होत नाही. आधी फॉर्म ३१ वर गाडी वारसाच्या नावावर, त्याला मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती, आणि मग वारसाकडून खरेदीदाराला फॉर्म २९ आणि ३०. गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. खाजगी गाडीची नोंदणी पहिल्या १५ वर्षांनी संपते, पुढे दर पाच वर्षांनी फॉर्म २५ वर नूतनीकरण, त्याआधी इन्स्पेक्टरसमोर गाडी उभी करून तपासणी. ही फी पूर्वी किरकोळ होती. एप्रिल २०२२ पासून चारचाकीला ५,००० झाली आणि २० वर्षांपुढच्या चारचाकीला ऑगस्ट २०२५ पासून १०,०००. मुदत संपून गेली असेल तर उशिराचं शुल्क महिन्यागणिक चढतं, शिवाय आपल्या राज्याचा पर्यावरण कर, विमा आणि १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना लागणारी ती नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. हे सगळं किमतीत धरूनच भाव करावा. तात्यांनी पंचावन्नवर जोर धरला तो यामुळेच.

आणखी दोन गोष्टी. गाडी 'ऑनलाइन' आहे का ते आधी बघा. जुन्या नोंदी कित्येकदा रजिस्टरमधून कॉम्प्युटरवर चढलेल्याच नसतात, मग ते काम आधी करून घ्यावं लागतं. आणि चेसिस नंबर स्वतः वाचा. कागद ठेवून वर पेन्सिल घासायची, आरटीओत करतात तशी ट्रेसिंग, आणि आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवायचं. इंजिन नंबर वेगळा असेल तर ते आरसीवर नोंदवून घेता येतं. चेसिस नंबर वेगळा असेल, किंवा नंबरभोवतीचा पत्रा कापून बसवल्यासारखा दिसला, तर चहा न पिता निघावं.

मग सगळ्यात शेवटी इंजिन. अकरा वर्षं उभ्या असलेल्या गाडीला थेट बॅटरी लावून सेल्फ मारू नका. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजाने चिकटलेल्या असतात, तुटतात. आम्ही चारही प्लग काढले, प्रत्येक भोकात थोडं इंजिन ऑइल सोडलं, दोन दिवस तसंच ठेवलं. मग टॉप गियर टाकून गाडी हळूहळू पुढे-मागे ढकलली. तिसऱ्या झटक्याला इंजिन फिरलं. ऑइल बदललं, टाकीतलं जुनं पेट्रोल (वास वार्निशसारखा) काढून टाकलं, बाहेर लटकवलेल्या बाटलीतून नवं दिलं. अर्ध्या तासात सुरू झालं, धूर इतका की शेजारचे बघायला आले.

गरम झाल्यावर कॉम्प्रेशन घेतलं. पद्धत: चारही प्लग काढायचे, इग्निशन बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा (नाहीतर हवाच आत जात नाही), प्रत्येक सिलिंडरला गेज लावून पाच-सहा फेरे सेल्फ. आमचे आकडे आले १२०, ११८, ९५, १२१ पीएसआय. एकूण आकड्यापेक्षा त्यांच्यातला फरक महत्त्वाचा. साधारण दहा टक्क्यांच्या आत असावा. तिसरा गळतोय हे उघड. कुठून, ते कळायला त्याच्यात चमचाभर ऑइल टाकून परत घ्यायचं. ऑइलमुळे आकडा चढला तर रिंगा गेल्यात, कारण ऑइलने ती फट तात्पुरती बंद होते. इथे ९५ चे ९८ झाले, म्हणजे नाही. मग व्हॉल्व्ह. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी आले असते तर त्यांच्यामधल्या हेड गॅस्केटवर संशय घेतला असता. तात्या हे सगळं बघत होते. ते सायलेन्सरच्या तोंडाशी कागद धरून बसले, कागद मधून मधून आत ओढला जात होता. म्हणाले, "एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळालाय." हेड खोललं, तोच निघाला. मला गेज, दोन तास आणि सव्वा पानाचं गणित लागलं होतं.

एक नवी अडचण सांगायलाच हवी, कारण जुन्या मिस्त्रींच्या ती अंगवळणी पडलेली नाही. २०२५ पर्यंत देशभर पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. १९८६ च्या रबराचा त्याच्याशी कधी संबंध आलेला नाही. पेट्रोलचे पाईप, मेकॅनिकल पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरची सीलं मऊ पडतात, फुगतात. इथेनॉल पाणीही ओढून घेतं, म्हणून उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. दुसरं, नुसत्या पेट्रोलला जळायला हवेचं प्रमाण १४.७ ला १ लागतं, इथेनॉलला ९ ला १, त्यामुळे या मिश्रणाला ते साडेतेराच्या आसपास येतं. आजच्या गाडीत सेन्सर ते ओळखून इंधन वाढवतो. कार्ब्युरेटरला काय कळणार? तो जुन्याच हिशेबाने देत राहतो, इंजिन 'लीन' चालतं, गरम होतं, आणि जळतात ते एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह. म्हणून पाईप इथेनॉलला टिकणारे टाकायचे, मेन जेट एक नंबर मोठा करून प्लगचा रंग बघायचा, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवायची नाही. हे इथेनॉल येतं आपल्याकडच्या उसाच्या मळीतून आणि रसातून. तात्यांचा भाऊ, म्हणजे माझे वडील, कारखान्याला जो ऊस घालतात तोच तात्यांच्या गाडीचा पाईप खातो, यावर घरात बरीच चेष्टा झाली.

सुट्या भागांचं म्हणाल तर इंजिन-गिअरबॉक्सचं सामान अजून मिळतं, कारण मुंबईच्या टॅक्सींनी तो बाजार वीस वर्षं जास्त जगवला. पुण्याची नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याकडचा भंगार बाजार. मिळत नाही ते म्हणजे दिव्याची रिंग, पुढची जाळी, दाराचं हँडल, क्रोमच्या पट्ट्या. म्हणून गाडी पूर्ण असलेली घ्यावी. "चारदोन पट्ट्या नाहीत, मिळतील कुठंतरी" या वाक्यावर विश्वास ठेवू नये. बार्शीच्या गाडीची एक मागची काच सोडली तर सगळं जागेवर होतं, अगदी मूळ टूलकिटचा पानासुद्धा. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ते उघडताना एक काळजी घ्या. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, आत साठलेली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

आजपर्यंतचा हिशेब तात्यांच्या डायरीतून: गाडी ५५,०००, ट्रॉलीवरून करकंबला आणायला ४,५००, हेड आणि व्हॉल्व्ह ९,०००, टायर-ट्यूब १४,०००, पेट्रोलची लाइन, पंप आणि कार्ब्युरेटरचा किट ३,२००, डिकीचा तळ नवा पत्रा टाकून २,५००, बॅटरी ४,२००. वारसनोंद झाली, गाडी तात्यांच्या नावावर झाली, नूतनीकरणाची तपासणी बाकी आहे. सरकारी फी आणि कर धरून ३०,००० बाजूला ठेवलेत. बेरीज १,२२,४०० होते. उरलेल्या पैशात ब्रेक आणि वायरिंग बसतं, रंग बसत नाही. तात्या म्हणतात रंग पुढच्या बेदाण्याला. आजीने गाडीत बसून बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला की सीटवर अंडी कुणी घातली होती. पाईपलाईनचा विषय तिने अजून सोडलेला नाही. सध्या ब्रेकची व्हील सिलिंडरं काढून ठेवली आहेत, मागच्या दोनांचे पिस्टन जाम आहेत, दिवाळीच्या सुट्टीत ती उघडायची आहेत.